सीमेपलीकडची वाइन आणि निवडुंगाची भाजी: बाहा कॅलिफोर्नियात पहिल्यांदा जाताना

सॅन डिएगोत राहायला आलो तेव्हा पहिली दोन वर्षं आम्ही सीमेकडे पाठ करूनच काढली. मेक्सिकोचं नाव काढलं की ऑफिसातलं कुणीतरी "जपून हं" म्हणायचं आणि विषय तिथेच संपायचा. मग एका लाँग वीकेंडला हिय्या करून गेलो आणि जे जे चुकवता येतं ते सगळं चुकवून आलो. दिवसात पाच वायनऱ्या, दुपारच्या जेवणाला फाटा, परतीच्या रांगेत साडेतीन तास आणि गाडीत नवऱ्याचं मौनव्रत. त्यानंतर इतक्या वेळा गेलो की आता ओळखीपाळखीतले निघायच्या आधी आम्हाला फोन करतात. त्या फोनवर जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

आमच्याबद्दल एवढं कळलं तर पुरे: मी मासे, मटण, वाइन काहीच सोडत नाही. नवरा पक्का शाकाहारी, दारूला शिवतही नाही. अशी जोडी वाइनच्या खोऱ्यात काय करणार असं वाटेल, पण अशा जोडीला तिथे एक मोठा फायदा आहे. तो पुढे येईलच.

जायचं कुठे, तर मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया राज्यात. सीमेला खेटून तिहुआना, पूर्वेला डोंगरात तेकाते, दक्षिणेला समुद्रावर एन्सेनादा आणि एन्सेनादाच्या अलीकडे, किनाऱ्यापासून थोडं आत, वाये दे ग्वादालुपे हे द्राक्षांचं खोरं. मेक्सिकोची बहुतांश वाइन याच राज्यात होते. सहल आखताना एकच गोष्ट पक्की धरा: परतीची रांग. परत कधी आणि कुठून यायचं ते आधी ठरवा, मग उलटं मोजत या. आम्ही पहिल्या वेळी नेमकं हेच केलं नव्हतं.

पहिली पायरी: कागद

भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल किंवा ग्रीन कार्ड असेल, तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पासपोर्टवरचा अमेरिकी शिक्का संपलेला असेल आणि हातात फक्त अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद म्हणजे आय-९४ असेल, तर मेक्सिकोचा व्हिसा आधी काढावा लागतो. नोकरीच्या एच-वन व्हिसावाल्यांनी मंजुरीचा आय-७९७ कागद सोबत ठेवायचा. ग्रीन कार्डाचा अर्ज अडकलेला असेल तर निघण्याआधी वकिलाला एक ईमेल टाका. टाकोसाठी कुणी स्टेटस घालवू नये.

एक गोष्ट सगळे विसरतात. गाडीने सीमा ओलांडताना मेक्सिकोच्या बाजूला पासपोर्ट बघायला बहुतेक वेळा कुणी थांबवतच नाही. हिरवा दिवा लागला की सरळ आत. लाल लागला तर बाजूला घेऊन डिकी बघतात, तेवढंच. पण प्रवेशाचा एफएमएम हा कागद परदेशी माणसाला लागतोच. आपणहून गाडी बाजूला लावा, इमिग्रेशनच्या खिडकीशी जा आणि शिक्का मारून घ्या. दहा-पंधरा मिनिटं जातात, पण पुढे कुणी विचारलं तर दाखवायला काहीतरी असतं.

दुसरी पायरी: गाडी, विमा आणि स्टिअरिंगवर कोण

अमेरिकेतला गाडीचा विमा तिकडे धरत नाहीत. मेक्सिकोचा विमा दिवसाच्या हिशेबाने ऑनलाइन मिळतो. तो घ्या आणि कागदावर छापून ठेवा. खोऱ्यात फोनला रेंज असेलच असं नाही. भाड्याची गाडी असेल तर सीमेपलीकडे न्यायला कंपनीची परवानगी आहे का ते आधी विचारा, बऱ्याच कंपन्या नाही म्हणतात.

आणि हा तो फायदा: दोघांपैकी एक पिणारा नसेल तर सहलीतला सगळ्यात मोठा प्रश्न सुटतो. दोघंही पिणार असाल तर दिवसभरासाठी ड्रायव्हरसकट गाडी ठरवा. तिहुआनाहून किंवा एन्सेनादाहून उबर खोऱ्यात आणून सोडते, पण संध्याकाळी तिथून परत न्यायला गाडी मिळेलच असं नाही. द्राक्षांच्या मळ्यात, अंधारात, कच्च्या रस्त्यावर फोन वर धरून रेंज शोधणारी दोन-तीन जोडपी आम्ही स्वतः एन्सेनादापर्यंत सोडली आहेत.

महामार्ग सोडला की खोऱ्यातले रस्ते बरेचसे कच्चे. धूळ अशी की काळी गाडी अर्ध्या तासात बदामी होते. गावातून जाताना 'तोपे' म्हणजे स्पीडब्रेकर. काहींना रंग नाही, पाटीही नाही. भारतात गाडी चालवलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही म्हणा. रस्त्यात गाडी बंद पडली तर 'आन्हेलेस व्हेर्देस' ही सरकारी मदतीची हिरवी गाडी असते, नंबर ०७८. इतर संकटाला ९११.

तिसरी पायरी: समुद्राकडून जा, डोंगरातून या

जाताना सान इसिद्रो या सीमेवरच्या मोठ्या फाटकातून तिहुआनात शिरा आणि एन्सेनादाकडे जाणारा टोलचा किनारी रस्ता धरा. प्लायास, रोसारितो आणि सान मिगेल असे तीन टोलनाके लागतात. उजव्या हाताला पॅसिफिक अखंड सोबत. डिसेंबर २०१३ मध्ये या रस्त्याचा एक तुकडा अख्खाच्या अख्खा समुद्राकडे घसरला होता आणि पुन्हा सुरू व्हायला वर्ष लागलं. त्या वळणावर नवरा अजूनही गाडी हळू करतो. सान मिगेलचा नाका ओलांडला की एल साउसालपाशी महामार्ग ३ डावीकडे डोंगरात वळतो. हाच 'रूता देल व्हीनो', वाइनचा रस्ता. तो खोऱ्यातून जाऊन थेट तेकातेला निघतो, म्हणून परत येताना त्याच रस्त्याने पुढे जायचं. आल्या वाटेने मागे फिरायचं नाही.

दिवसाचे तास पुरणार नाहीत, निदान एक रात्र राहा. ऑगस्टमध्ये सुगीचा उत्सव असतो, 'फिएस्तास दे ला व्हेन्दिमिया'. तेव्हा खोल्या महाग, रस्ते भरलेले आणि ऊन मी म्हणतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर धरावा. सोमवार-मंगळवारी बऱ्याच जागा बंद असतात.

चौथी पायरी: तिहुआनात एक सॅलड

सीझर सॅलडचा रोमच्या सीझरशी काही संबंध नाही. अमेरिकेत दारूबंदी होती तेव्हा लोक पिण्यासाठी तिहुआनाला यायचे. तिथे सीझर कार्दिनी नावाच्या इटालियन माणसाचं रेस्टॉरंट होतं. १९२४ च्या ४ जुलैला गर्दीत स्वयंपाकघरातलं सामान संपत आलं आणि उरलंसुरलं घेऊन त्याने हे सॅलड केलं, अशी कथा सांगतात. आव्हेनिदा रेव्होलुसियोनवर 'सीझर्स' आजही आहे. वेटर टेबलाशी लाकडी भांडं घेऊन येतो, त्यात लसूण घोटतो, अंड्यातला बलक, मोहरीची पेस्ट, लिंबू, तेल, चीज घालत जातो आणि रोमेन लेट्यूसची लांब पानं त्यात लोळवतो. बघत राहावं असं काम आहे.

पण शाकाहारी मंडळींनो, त्या घोटण्यात अँचोव्ही म्हणजे छोटे खारवलेले मासे असतात. नवऱ्याला अमेरिकेत सहा वर्षं सीझर सॅलड 'सेफ' वाटत होतं. समोर मासा घोटला जाताना पाहून त्याने हळूच काटा खाली ठेवला. सगळं सॅलड मी संपवलं.

पाचवी पायरी: एन्सेनादाच्या गाडीवर

खोऱ्याच्या आधी किंवा नंतर एन्सेनादाला अर्धा दिवस द्या. लोपेस मातेओस आणि अल्वारादो या रस्त्यांच्या कोपऱ्यावर 'ला गेरेरेन्से' ही सीफूडची गाडी १९६० पासून आहे. साबीना बांदेरा या बाईंनी ती जगभर नावाला आणली. कुरकुरीत तळलेल्या मक्याच्या चकतीवर, म्हणजे तोस्तादावर, इथे 'एरीसो कोन आल्मेहा' मागा: समुद्री साळ म्हणजे काटेरी सी अर्चिन, वर शिंपले, वर आव्होकाडोची फोड. समुद्री साळ पहिल्यांदा खाणाऱ्याला लोण्यात समुद्राचं पाणी घातल्यासारखी लागते. दुसऱ्या घासाला सवय होते, तिसऱ्याला दुसरी तोस्तादा मागता. गाडीवर त्यांच्याच सालसांच्या बरण्या मांडलेल्या असतात, त्यातली शेंगदाण्याची मिरची घालाच. आपल्या चटणीच्या माणसाला ती लगेच ओळखीची वाटते. हे सकाळ-दुपारचं खाणं आहे, संध्याकाळवर ठेवू नका.

फिश टाको ही एन्सेनादाची खासियत. पिठात घोळवून तळलेला मासा, कोबी, पातळ क्रीम, सालसा. बंदराजवळच्या मासळीबाजाराला 'मेर्कादो नेग्रो' म्हणतात, त्याच्या आसपास चांगला मिळतो.

पैसे देताना एक लक्षात ठेवा. पेसोचं चिन्हही डॉलरसारखंच असतं. पाटीवर टाकोपुढे चिन्ह आणि ४० दिसलं तर घाबरून पळू नका, ते चाळीस पेसो आहेत. पेसोतच पैसे द्या. डॉलर घेतात, पण भाव त्यांचा असतो. रेस्टॉरंटमध्ये तुम्ही मागेपर्यंत बिल आणत नाहीत, कारण आपणहून आणणं म्हणजे उठायला सांगणं. पहिल्या दिवशी आम्ही चाळीस मिनिटं बिलाची वाट बघत बसलो होतो आणि वेटर लांबून कौतुकाने आमच्याकडे बघत होता. "ला क्वेन्ता, पोर फावोर" म्हणा. टीप दहा-पंधरा टक्के.

सहावी पायरी: शाकाहारी माणसाचं स्पॅनिश

नवऱ्याने चुकत चुकत शिकलेलं हे आहे.

'सिन कार्ने' म्हणजे बिनामांसाचं, पण बोलीत 'कार्ने' बहुधा गाईच्या-बैलाच्या मांसाला म्हणतात. त्यामुळे मांस नको म्हटल्यावर हसतमुखाने चिकन येतं. पूर्ण वाक्य पाठ करा: "नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो." मांस नाही, कोंबडी नाही, मासा नाही.

'मांतेकिया' म्हणजे लोणी. 'मांतेका' म्हणजे डुकराची चरबी. फरक एका अक्षराचा. नवऱ्याने पहिल्या सहलीत "फ्रिहोलेसमध्ये (घेवड्यात) काय घालता" असं विचारलं, बाईंनी "मांतेका" सांगितलं आणि हा लोणी समजून दोन वाट्या घेवडा जेवला. खरं काय ते मला महिनाभराने कळलं. मी त्याला ते सांगायला आणखी दोन महिने घेतले. म्हणून विचारायचं: "येवा मांतेका?" चरबी असते का? भाताबद्दल वेगळं विचारा, तो बऱ्याचदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. "माईस ओ आरीना?" म्हणजे मक्याची पोळी की गव्हाची, असं प्रत्येक गाडीवर विचारतात. शाकाहारी माणसाने डोळे मिटून माईस म्हणावं. गव्हाच्या तोर्तियात चरबी असू शकते, मक्याच्या तोर्तियात मका, चुना आणि पाणी.

मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर ठेवून, धुऊन, मग वाटतात. खोऱ्यात एका सकाळी एक बाई तव्याशी उभ्या होत्या. पिठाचा गोळा तळव्यांत थापटून चकती केली, तव्यावर टाकली, बोटांनीच उलटली आणि बोटाच्या टोकाने कडा किंचित दाबली. तोर्तिया टम्म फुगली. नवरा मराठीत म्हणाला, "अगं, ही आज्जीसारखी कडा दाबते." बाईंना काय कळलं कोण जाणे, पण पुढची तोर्तिया त्यांनी त्याच्या हातात ठेवली, वर मीठ भुरभुरून.

शाकाहारी माणूस इथे उपाशी राहत नाही. 'नोपालेस' म्हणजे फड्या निवडुंगाची काटे काढून परतलेली भाजी, थोडी भेंडीसारखी चिकट, थोडी आंबट. 'व्हेर्दोलागास' म्हणजे आपली घोळ. 'फ्लोर दे कालाबासा' म्हणजे भोपळ्याची फुलं, चीजबरोबर केसादियात, म्हणजे घडी घातलेल्या तोर्तियात. पेयात 'आग्वा दे हामाइका' मागा, ते लाल अंबाडीच्या फुलांचं सरबत. 'तामारिंदो' तर ऐकूनच कळतं. चिकूला 'चिकोसापोते' म्हणणारी माणसं भेटली की आपण ते नावसुद्धा इथूनच उचललं आहे हे लक्षात येतं. मिरची, टोमॅटो, पेरू, सीताफळ हीसुद्धा अमेरिका खंडातूनच आपल्याकडे आलेली मंडळी.

सातवी पायरी: खोऱ्यातला दिवस

दिवसाला दोन वायनऱ्या. फार तर तीन. आणि मध्ये एक लांबलचक जेवण. बाकी काही नाही.

सकाळ ला कोसिना दे दोन्या एस्तेलाकडे. माचाका म्हणजे वाळवून पिंजलेलं मांस अंड्यात परतलेलं, मंद आचेवरचं मेंढीचं मटण, मक्याचे गोडसर पॅनकेक आणि मातीच्या भांड्यात उकळलेली दालचिनीची कॉफी. २०२४ मध्ये रेस्टॉरंटांना मानांकन देणारं मिशेलिन पहिल्यांदा मेक्सिकोत आलं, तेव्हा या घरगुती जागेला बिब गुर्मों, म्हणजे वाजवी दरातल्या चांगल्या जेवणाचा मान मिळाला. शनिवार-रविवारी रांग असते, म्हणून नऊच्या आत पोचा. शाकाहारी असाल तर पॅनकेक आणि बीन्स, बीन्सबद्दल वरचा प्रश्न विचारून.

पहिली वायनरी मोठी घ्या, म्हणजे काय चाललंय ते समजतं. एल. ए. सेत्तो १९२८ पासूनचं घराणं. तिथे फिरवून दाखवतात, चाखायला देतात आणि खिशाला झेपतं. नाशिककर असाल तर त्यांची शेनिन ब्लॉं मागा. हीच द्राक्षं नाशिकलाही लावतात. नाशिकला तोडणी जानेवारी ते मार्च, इथे ऑगस्ट-सप्टेंबर. दोन्हीकडची एकापाठोपाठ प्यायलात तर इथली जरा खारी वाटेल. खोऱ्याच्या जमिनीतलं पाणी उपसून उपसून खारं होत चाललंय, असं इथले शेतकरीच सांगतात. काही वाइनमध्ये ते जिभेला लागतं आणि मजा येते, पण पाण्याचं काय ते बघून पुढचा घोट जरा जड जातो. मळ्यांच्या जागी हॉटेलं आणि गाण्यांचे जलसे येतायत यावर तिथे जोराचं भांडण आहे. तुम्हीही पर्यटकच आहात हे विसरू नका, आणि आंघोळ आटोपशीर करा.

दुसरी वायनरी लहान. व्हेना कावाचं छप्पर जुन्या होड्या उलट्या ठेवून केलंय. मोगोर बादानमध्ये शासला या स्विस द्राक्षाची पांढरी वाइन मिळते, आणि त्याच रानात डेकमन्स हे चुलीवरचं रेस्टॉरंट आहे. म्हणजे दुसरी वायनरी आणि जेवण एकाच ठिकाणी. नेब्बिओलो हे इटलीचं द्राक्ष इथे खूप लावतात, पण पिएमोंतेतल्या फिक्या, कडक नेब्बिओलोची अपेक्षा धरू नका. इथली गडद आणि भरदार असते. माझं मत विचाराल तर मटणाबरोबर हीच.

चाखायचं कसं: पेला तोंडाशी नेण्याआधी हुंगा, एक घोट तोंडात फिरवा, हवं तर थुंका. त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं आणि त्यात अपमान नाही. सगळे पेले संपवायची सक्ती नाही. 'दोघांत एक टेस्टिंग' मागितलं तर बहुतेक जागी देतात. नवरा ओतणाऱ्या मुलाला माती, पाणी, पगार सगळं विचारतो. न पिणाऱ्याला तिथे करण्यासारखं तेच असतं, आणि माझ्यापेक्षा त्यालाच आता वाइनमधलं जास्त कळतं.

वेळ उरला तर फ्रान्सिस्को सार्को गावातलं लहानसं रशियन संग्रहालय बघा. १९०५ च्या सुमारास झारच्या रशियातून मोलोकान पंथाची शंभरेक कुटुंबं या खोऱ्यात येऊन वसली. मोलोको म्हणजे दूध. उपासाच्या दिवशीही दूध पिणारे म्हणून हे नाव. दुधावरून नाव पडलेल्या या लोकांनी इथे गव्हाबरोबर द्राक्षंही लावली. त्यांच्या वंशजांपैकी बिबायोफ कुटुंब आजही वाइन करतं.

आठवी पायरी: परत

रविवारी दुपारनंतर सान इसिद्रोकडे वळूच नका. तेकातेला या. तिथलं फाटक रात्री बंद होतं, तेव्हा वेळ आणि रांग दोन्ही अमेरिकी कस्टम्सच्या ॲपवर सकाळीच बघा. मोठ्या फाटकांवर लेन नीट वाचा: 'रेडी लेन' चिपचं कार्ड असणाऱ्यांची. नवं ग्रीन कार्ड चालतं, भारतीय पासपोर्ट आणि व्हिसा चालत नाही, आणि गाडीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाकडे कार्ड हवं. 'सेन्त्री' तर आधी नोंदणी केलेल्यांचीच, चुकून शिरलात तर दंड.

दारू प्रत्येक प्रौढामागे एक लिटर. म्हणजे दोघांत दोन बाटल्या, त्यातली एक न पिणाऱ्या नवऱ्याच्या नावावर. फळं मेक्सिकोतच खाऊन संपवा. एन्सेनादाजवळच्या ओहोस नेग्रोसचं कडक चीज आणता येतं. जे असेल ते विचारायच्या आधी सांगून टाका. आणि रांगेत लागण्याआधी बाथरूमला जाऊन या. हे वाक्य मी फोनवर दोनदा सांगते.

तेकातेला रांगेच्या आधी आम्ही बेकरीत थांबतो. काउंटरवर चिमटा आणि ताट घ्यायचं आणि हवा तो गोड पाव उचलायचा. गेल्या वेळी नवऱ्याने शंखासारख्या रेघांचा 'कोन्चा' उचलता उचलता बाईंना विचारलं, "येवा मांतेका?" त्यांनी एक ताट दाखवलं, मांतेका. दुसरं दाखवलं, मांतेकिया. त्याने दुसऱ्यातले सहा घेतले. रांग पाऊण तासाची होती. खिडकीशी पोचलो तेव्हा अधिकाऱ्याने काय आणलंत म्हणून विचारलं. दोन बाटल्या आणि चीज, मी म्हटलं. नवऱ्याच्या शर्टावरच्या साखरेबद्दल त्याने काही विचारलं नाही.